खुशबूचा गीझर

या रे, शेकोटीपाशी बसा. हे गोष्ट बिरजूची. माहा सोबती, गडचांदूरले ऑटो चालवते. खोटं बोलनारा मानूस नाई तो.

मागच्या साली, पौषातल्या अवसेले, दिवे लागायच्या टायमाले धनराजनं त्याले बोलावलं. धनराज म्हनजे घरमालक, सिमेंटवाल्या कामगाराईले खोल्या भाड्यानं देते. म्हने, "हा गीझर नांदाफाट्याच्या खोलीवर नेऊन टाक. नवे भाडेकरू आले तिथी."

गीझर जुना, लोखंडी. वरून नवा पांढरा रंग. पन बिरजूनं वळखला. दिवाळीनंतर याच गीझरच्या करंटनं खुशबू गेली. धनराजचीच भाडेकरीन, दोन लेकराईची माय. महिनाभर सांगून राह्यली होती बिचारी, "भाऊ, नळाले हात लावला का झटका बसते. अर्थिंग करून द्या." धनराज म्हने, "चप्पल घालून आंघोळ करत जा."

हसतं काऊन रे लालसू? बाई मेली तिथी! अन् तोच डब्बा रंग मारून दुसऱ्याच्या घरात? माह्यं डोस्कं अजून तापते.

बिरजूलेही राग आला. पन पोटाचा धंदा. घेतला ऑटोत, निघाला.

गाव मांगं पडलं. अंधार झाला. अन् मांगून आवाज आला... पानी तापते तसा. सूं... सूं...

गीझर रिकामा होता. वायर तुटलेला.

बिरजू थांबला. आवाज बंद.

निघाला. पुन्हा सूं...

मंग खांद्यावर हात पडला. गरम. ओला.

"भाऊ..." बाईचा आवाज. "तिथीबी लेकरं आहेत..."

त्यानं मांगं पाह्यलं नाई. ऑटो वळवला, सरळ धनराजच्या अंगनात. गीझर खाली आपटला. तिथलीच कुऱ्हाड उचलली अन् घातले घाव.

धनराज धावत आला. "माह्यं सामान काऊन फोडतं बे?"

"पहिले तुह्या पोरीले आंघोळ घाल याच्यात! मंग नेतो!"

धनराजनं तोंड उघडलं... बिरजूच्या मांगं पाह्यलं... आत जाऊन कडी लावली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावून साऱ्या खोल्याईत अर्थिंग केली त्यानं. जित्या बाईचं ऐकलं नाई, मेलेलीचं ऐकलं. थू!

बिरजूनं घरी जाऊन सदरा काढला. खांद्यावर हाताचा ओला ठसा. पाची बोटं.

मंग उन्हाळा लागला, तरी ठसा तसाच. आपल्या इथलं मे महिन्याचं ऊन तुमाले माहीतच आहे. त्या उन्हात वाळत घातला त्यानं. सारा सदरा कडक वाळला.

ठसा अजून ओलाच आहे...