जास्तीत जास्त किती वेळ

ओझरच्या रस्त्यावर आमची छोटी कंपनी आहे. खिडकीतून एकीकडे द्राक्षबाग दिसते, दुसरीकडे धावपट्टीचं टोक. आम्ही विमानाच्या ब्रेकचा प्रोग्रॅम लिहितो आणि मी तो टेबलावर तपासते. या खेपेला माझा जीव टांगणीला लागला होता, कारण चाचणीचं विमान माझा धाकटा भाऊ हर्षल उडवणार होता. चाक घसरल्यावर प्रोग्रॅमने मुदतीत उत्तर दिलं नाही, तर विमान धावपट्टीबाहेर जाणार.

आमचे शेखर सर हिशोब सोपा ठेवतात. प्रोग्रॅम भरपूर वेळा चालवायचा, सगळ्यात लांबलेली वेळ घ्यायची, वर थोडी भर घालायची, झालं. सगळीकडे असंच चालतं म्हणतात, आणि चालतंही.

मालेगावची उजमा नवी आली आणि तिने मोडता घातला. "सर, प्रोसेसरची कॅश, ती जवळची छोटी मेमरी, म्हणजे ओट्यावरचे डबे. हाताशी असले की काम पटकन होतं. पण हवा तो डबा दर वेळी माळ्यावर निघाला तर? तुम्ही ओटा भरलेला असतानाच मोजताय."

तिने प्रोग्रॅम एकदाही चालवला नाही. त्याची एकेक वाट वाचत गेली, कुठल्या वळणावर कॅशमध्ये काय उरलेलं असेल ते ठरवत गेली, आणि जिथे खात्री नाही तिथे सरळ माळा धरला. तिचा आकडा मुदतीच्या बाहेर गेला. मी थक्क झाले. इतकं स्वच्छ डोकं मी आमच्या धंद्यात पाहिलं नव्हतं.

"एवढा वेळ कधी लागलाय का?" सर हसले.

"लागेलच असं नाही म्हणत, सर. याहून जास्त लागणार नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रोग्रॅम सुरू केला. पहिलीच वेळ उजमाच्या आकड्याइतकी, शेवटच्या अंकापर्यंत. पुढचीही तीच. बोर्ड बदलला, तारा बदलल्या, तरी तीच. दर वेळी हवी ती गोष्ट कॅशमधून नुकतीच गेलेली असायची. प्रोसेसरवर बोट ठेवलं, तर एवढी धावपळ करूनही तो गार होता.

सरांनी चाचणी पुढे ढकलली. उजमाने महत्त्वाचे भाग कॅशमध्येच पक्के बसवले आणि नवा आकडा काढला. तो मुदतीच्या आत होता. टेबलावरच्या वेळा त्या आकड्यापर्यंत उतरल्या आणि तिथेच थांबल्या.

"हे असं कसं गं?" मी विचारलं.

"माहीत नाही, आशाताई. घरीही असंच होतं. मी जास्तीत जास्त धरते आणि नेमकं तेवढंच होतं. म्हणून मी उगाच कशाचा आकडा काढत नाही."

हर्षल ओल्या धावपट्टीवर उतरला. चाकं घसरली, ब्रेक लागला, विमान सरळ थांबलं. मी उजमाला मिठी मारून रडले. माझा भाऊ तिच्यामुळे परत आला होता.

तो पेढे घेऊन ऑफिसात आला. आल्याआल्या थट्टा सुरू.

"उजमा मॅडम, आता माझाही आकडा काढा. मी जास्तीत जास्त किती दिवस जगणार?"

सगळे हसले. उजमाही हसत होती.

मग तिचे ओठ किंचित हलले, आणि ती हसायची थांबली.

संध्याकाळी फाटकापाशी तिने माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

"आशाताई," ती म्हणाली, "यंदाची भाऊबीज मोठी करा."