पाव वेगातलं आवतण

कॉम्प्युटरचं काही अडलं की माणसं माझ्याकडे येतात. मला फार कळतं अशातला भाग नाही. मी फक्त मेनू वाचतो, बाकीचे वाचत नाहीत. एकतीस वर्षं वालीवच्या एका कारखान्यात मापं तपासायचं काम केलं. नजरेला बरोबर दिसतंय म्हणून मी कधी सही केली नाही.

चंद्रकांताबाई मंगळवारी सकाळी अकराला भुईगावहून आल्या. पिशवीत माझ्यासाठी केळफूल आणि स्वतःच्या कामाचा पेन ड्राइव्ह. त्यांच्या वाडीतली केळी आम्ही वर्षानुवर्षं घेतो, तेवढीच ओळख. त्यांच्या दिराची मुलगी हेमाली हिचं रविवारी लग्न होतं. हळदीला त्यांच्या घरी एक गाणं म्हणतात. घरातली जी माणसं गेली त्यांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं, ज्या क्रमाने गेली त्याच क्रमाने. मान थोरल्या सुनेचा. सासूबाई, म्हणजे बायजाबाई, होत्या तोवर त्या म्हणायच्या. आता ते चंद्रकांताबाईंवर आलं होतं. बायजाबाईंचं गाणं २००६ साली कुणीतरी टेप केलं होतं, ते पेन ड्राइव्हवर होतं.

"सासूबाई फार भरभर म्हणतात हो," त्या म्हणाल्या. "शब्द हाताला लागत नाहीत. हळू करता येईल?"

"बघू."

"आणि भाऊ, आणखी एक घोर आहे जिवाला." त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. "कुशलचं नाव घ्यायचं की नाही?"

कुशल त्यांचा एकुलता एक मुलगा. वाडी विकण्यावरून बापाशी, नरहरींशी, भांडून आठ वर्षांपूर्वी गेला तो गेलाच. फोन नाही, निरोप नाही. पुढे दोन वर्षांनी बाप वारला, तेव्हाही आला नाही.

"गेला असेल आणि मी बोलावलं नाही, तर दारातच उभा राहील बिचारा. आणि असेल, आणि मी त्याला गेलेल्यांत बोलावलं, तर..."

मला असल्या बोलण्याची चीड येते. "पोलिसांत चौकशी करा," मी म्हणालो. "गाण्याला काय कळणार?"

गाणं लावलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. एका नावाची एक ओळ, मग सगळ्या बायका ती ओळ परत म्हणायच्या, मग पुढचं नाव. अशी चार नावं. शेवटचं बाळकृष्ण, त्यांचे सासरे. मग भांड्यांचा आवाज आणि बंद.

प्लेअरवर वेग कमी करायचं बटण दिसत नव्हतं. 'व्ह्यू' मेनूत खाली एका ओळीपुढे टिक नव्हती. ती केल्यावर खिडकीच्या तळाला एक बारीक पट्टी आली. तिच्या कोपऱ्यात १.०० असा आकडा होता. त्यावर क्लिक केल्यावर सरकवायची दांडी उघडली.

"अगं बाई, हे एवढं लपवून कशाला ठेवायचं?" चंद्रकांताबाई म्हणाल्या.

दांडी ०.७५ वर आणली. शब्द सुटे झाले. त्या वहीत उतरवू लागल्या. बाळकृष्ण झालं. भांडी वाजली नाहीत.

'ये गं बायजा, मांडवात ये.'

पेन्सिल थांबली. बायजाबाई २०१४ ला गेल्या. टेपवरचा आवाज त्यांचाच होता.

मी वेग परत १.०० केला. गाणं बाळकृष्णपाशी संपलं. ०.७५ केला. बायजा. असं तीनदा केलं. फाइल लॅपटॉपवर घेऊन लावली. तिथेही तेच. टेपवर दुसरं काहीतरी राहिलं असेल, असं मी म्हणालो. ते मला स्वतःलाच पटलं नाही.

०.५०. बाळकृष्ण, बायजा. आणि नरहरी.

चंद्रकांताबाईंनी पदर सावरला. "यांचं नाव घेतलं," त्या म्हणाल्या. "बरं झालं." त्या घाबरल्या नव्हत्या. मी घाबरलो होतो, हे कबूल करतो.

"अजून हळू होतं?"

"पाव वेगापर्यंत. पण तुमचं काम झालंय."

"भाऊ, करा."

"कशाला उगाच?"

"माझं पोर आहे त्याच्यात की नाही, ते मला कळू दे."

मी दांडी तळाला नेली.

बायजाबाईंचा आवाज लांबत गेला. प्रत्येक नावाला बराच वेळ लागत होता. सेकंदांचा आकडा फाइलची लांबी ओलांडून पुढे गेला.

नरहरी. बायकांनी ओळ परत म्हटली.

श्वास घेतल्याचा आवाज.

'ये गं चंद्रकांता, ये रे कुशल.'

दोन नावं, एकाच ओळीत. मध्ये बायका आल्या नाहीत.

गाणं संपलं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

चंद्रकांताबाई रडत होत्या. मग माझ्या लक्षात आलं की त्या आनंदाने रडताहेत.

"आधी मी," त्या म्हणाल्या. "मग तो. म्हणजे आहे तो, भाऊ. माझ्या डोळ्यांदेखत जात नाही." त्यांनी डोळे पुसले, वही मिटली. "शनिवारी हळदीला यांच्या नावापाशीच थांबते मी."

गुरुवारी कुशलचा फोन आला. सुरतेला होता म्हणे. लग्नाचं कुणाकडून तरी कळलं.

शनिवारी हळदीला मी भुईगावला गेलो. चंद्रकांताबाई न चुकता गाणं म्हणाल्या आणि नवऱ्याच्या नावापाशी थांबल्या. कुशल मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होता. वाळला होता, दाढी वाढली होती. नंतर त्याने वाकून मला नमस्कार केला.

"उद्या हॉल विरारला आहे," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "हा मला त्याच्या गाडीतून नेतोय. आम्ही दोघंच."

"त्यापेक्षा माझ्याबरोबर रिक्षाने चला ना."

"आठ वर्षांनी पोर आलंय, आणि मी रिक्षाने जाऊ? काहीतरीच तुमचं."

ती ओळ मी त्यांना परत म्हणून दाखवायला हवी होती. त्यांचा चेहरा पाहून जमलं नाही.

"काका, मागची सीट रिकामीच आहे," कुशल म्हणाला. "तुम्हालाही वाटेत घेतो."

"नको," मी म्हणालो. "माझी मी रिक्षा करीन."