चौथा ब्वांबाले

बिगोच्या दलदलीत काबुघोचा डावा पाय मांडीपर्यंत गेला आणि बाहेर आला तो बुटाशिवाय. वर पाऊस, खाली चिखल, मागून पाहुणी येतेय... आणि वाटाडी म्हणून पहिल्याच मोहिमेवर निघालेली काबुघो एका पायावर उभी!

"हलू नकोस," मागून कुणीतरी म्हणालं. "हललीस तर दुसराही जाईल."

एक लांब हात कोपरापर्यंत चिखलात गेला, बराच वेळ चाचपडला आणि तिचा रबरी बूट घेऊन वर आला. त्याने तो उलटा करून आतलं पाणी ओतलं.

"एवढ्याशा बुटात बर्फावर जाणार?"

"बर्फावर दुसरे घालतात, एवढं कळतं मला. तू कोण?"

"बर्फावरचा वाटाड्या. कालच्या झोपडीपासून तुम्हाला गाठायला धावतोय. ब्वांबाले."

काबुघोला हसू आवरेना. आमच्याकडे रुवेन्झोरी डोंगराच्या पायथ्याशी मुलांची नावं जन्माच्या क्रमाने ठरतात. दुसरा मुलगा झाला की तो ब्वांबाले, मग आईबापांची हौस काही असो. बाजारात ब्वांबाले म्हणून हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघतो.

"आमच्यात तीन आहेत आधीच," ती म्हणाली. "एक स्वयंपाकी, दोन हमाल. तू चौथा."

"चौथा तर चौथा. आणि तू?"

"काबुघो."

"म्हणजे घरातली तिसरी मुलगी." बूट हातात धरून तो तसाच उभा राहिला. "घरात तिसरी असशील. बाहेर कुणाची पहिली आहेस का, तेवढं सांग."

"बूट दे आधी!"

ती फणकारली खरी, पण त्या गार पावसात तिचे कान मात्र चांगलेच तापले होते.

पाहुणी होती सोल्वेग, नॉर्वेची, बासष्ट वर्षांची, टपालखात्यातून निवृत्त झालेली. मार्गारिटा शिखरावर जायचं तिने वर्षानुवर्षं मनात धरलं होतं. तिला आमची भाषा कळत नव्हती, पण बाकी सगळं कळत होतं. लाकडी शिडीवर ब्वांबालेने काबुघोला हात दिला की ती मुद्दाम दुसरीकडे बघायची, आणि काबुघोला त्याचीच जास्त लाज वाटायची.

बर्फाखालच्या शेवटच्या झोपडीत दुपारी दोघं दोर तपासायला बसली. बोटं गारठलेली, गाठ काही सुटेना. दोघांची बोटं एकाच गाठीवर... आणि सोडवायची घाई कुणालाच नाही.

"ही माझी शेवटची खेप," तो एकदम म्हणाला. "मेव्हण्याने राजधानीत, कंपालात काम बघितलंय. मोबाइलच्या टॉवरवर चढायचं. परवा सकाळी नाक्यावर गाडी येणार. चुकली तर ते दुसऱ्याला घेतील."

"आणि डोंगर?"

"बर्फ दरवर्षी मागे सरकतोय, काबुघो. बर्फच उरला नाही तर बर्फावरच्या वाटाड्याने काय करायचं?" तो गाठीकडे बघत राहिला. "तरी... कुणी जाऊ नकोस म्हणालं, तर थांबेन मी."

जाऊ नकोस! शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तोंडातून काय निघावं?

"पगार बरा असेल," काबुघो म्हणाली.

तो हसला. "हो. बरा आहे."

त्या मूर्ख वाक्यापायी तिने रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या.

पहाटे दोर बांधताना त्याने तिला सगळ्यांत पुढे उभं केलं. "आज तू ने. चुकलीस तर मागून ओढेन." ती चुकली नाही. बर्फात पाय रोवत, मधल्या सोल्वेगचा श्वास ऐकत, जरा थांबत, जरा चालत तिने सगळ्यांना माथ्यावर नेलं. वर धुकं होतं, दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. सोल्वेग लहान मुलीसारखी रडली. ब्वांबालेने काबुघोचं अभिनंदन करायला हात हातात घेतला आणि सोडायचं विसरला. आता बोल, ती स्वतःला म्हणाली... आणि पुन्हा नाहीच बोलली.

उतरताना सोल्वेगचा गुडघा सुजला. बर्फ संपल्यावर ब्वांबालेने दोर खांद्यावर टाकला. "इथून तू नेशील. मला आज खालपर्यंत पोचायला हवं." क्षणभर तो रेंगाळला. मग त्याची पाठ धुक्यात दिसेनाशी झाली.

तेवढ्यात खालच्या झोपडीतला थेंबो हमाल सोल्वेगची पिशवी न्यायला वर आला. माणसाला जे तोंडावर सांगता येत नाही ते तिसऱ्याला सांगणं किती सोपं!

"थेंबोदादा, पळत जा. ब्वांबालेला सांग, काबुघो म्हणते जाऊ नकोस!"

थेंबो पिशवी घेऊन पळालासुद्धा. तासाभराने काबुघो मधेच थबकली. "अगं बाई! कुठल्या ब्वांबालेला?"

सोल्वेगला तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. सोल्वेग सरळ दगडावर बसली. "तू हो पुढे. मी बसते इथे."

काबुघोने वाटेकडे पाहिलं, मग त्या सुजलेल्या गुडघ्याकडे. तिचं काळीज केव्हाच खाली धावत सुटलं होतं. पण पाहुण्याला वाटेत टाकून जाणारा वाटाड्या वाटाड्या नव्हे. "उठा," ती म्हणाली आणि आपला खांदा पुढे केला. दीड तासाच्या वाटेला चार तास लागले. पाऊस होता म्हणून बरं, गालांवरचं पाणी कुणाला ओळखू आलं नाही.

खालच्या झोपडीतून धूर येत नव्हता. ओसरीच्या फळीवर चार पुरुष ओळीने बसले होते, सामान बांधलेलं, पाय हलवत.

"आलीस एकदाची!" म्हातारा स्वयंपाकी गरजला. "पुढच्या मुक्कामी जाऊन चूल पेटवायची होती मला. जाऊ नकोस, जाऊ नकोस! कशासाठी?"

"आणि आमची ओझी?" दोघे हमाल ब्वांबाले एकदम म्हणाले. "थेंबो दिसेल त्या ब्वांबालेला निरोप सांगत सुटला होता."

चौथा फळीच्या टोकाला बसला होता. काबुघो त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझी गाडी?"

"आता नाही मिळत."

"पण निरोप तुलाच आहे, हे तुला कसं कळलं?"

"कळलं कुठे?" तो हळूच म्हणाला. "चौघांत वाटला तरी पाव निरोप माझा होता. तेवढ्यावर थांबलो."

पाव निरोपासाठी याने नोकरी सोडली! सगळे बघत होते, सोल्वेगसुद्धा... या वेळी अगदी टक लावून. बघू देत.

"काका, तुम्ही जा," ती स्वयंपाक्याला म्हणाली. "तुम्ही दोघेही निघा." मग ती चौथ्याकडे वळली आणि साऱ्या दरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू जाऊ नकोस. मला तू हवा आहेस."