दोन खाचांची खूण

मामा बावीस वर्षं बोटीच्या इंजिनावर होते. त्यांनी हे आम्हाला एका रात्री जेवणं आटोपल्यावर गच्चीवर सांगितलं. आम्ही पाच-सहा भाचरं, सगळी लग्नाच्या वयाची, म्हणजे कुणी दुधखुळं नव्हतं. मावसभावानं विचारलं, "मामा, भूत कसलं होतं? उलट्या पायांचं?"

"तुझ्यासारखं," मामा म्हणाले. "कुणी बोलावलं नसताना मध्ये येणारं. गप बस."

मग त्यांनी सांगितलं, आणि मी ते तसंच लिहिते आहे. मधूनमधून मला राग येतो. तो गिळून मला लिहिता येत नाही.

मामांची बोट हौशी लोकांना मासे धरायला नेणारी. तिकीट काढायचं, कठड्याला आपली जागा धरायची, बोटीचाच गळ घ्यायचा आणि पाण्यात सोडून बसायचं. पाऊस सरला, रात्रीच्या वाऱ्याला गारठा आला की मोठा मासा किनाऱ्याकडे येतो. मग महिना-दीड महिना बोटीला उसंत नसते.

माणसं तीस आणि बर्फाची पेटी एकच. मग कुणाचा मासा कुठला, हे कळायचं कसं? त्यासाठी खूण असते. मासा वर आला की खलाशी सुरीनं त्याच्यावर त्या गिऱ्हाइकाची खूण करतो. एकाची शेपटीच्या वरच्या टोकाला खाच, दुसऱ्याची खालच्या टोकाला, तिसऱ्याच्या माशाचा डावा पर कापलेला. धक्क्याला लागलं की पेटी उलटी करायची आणि खूण बघून ज्याचा मासा त्याला द्यायचा.

हे काम लांब्याकडे. लांब्या म्हणजे बोटीवरचा खलाशी, मामांचा जुना दोस्त. उंच, बोलका, हाताचा चपळ. माणूस वाईट नव्हता, असं मामा म्हणतात. मी म्हणत नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता. रात्रीची फेरी आठला सुटायची होती, म्हणून पाच वाजता लांब्या आणि मामा हातगाडी घेऊन बर्फ आणायला निघाले. बर्फाच्या कारखान्याच्या वाटेवर एका शिवणवाल्या बाईंचं दुकान होतं, खाली मशीन आणि वर राहायची खोली. गाडीच्या चाकांचा आवाज ऐकून बाई दारात आल्या. तोंडात टाचण्या होत्या, त्या त्यांनी हातावर काढून घेतल्या.

"भाऊ, एक विचारू?"

"विचारा की वहिनी."

"त्या रात्री हे धक्क्यावरून उतरले, ते स्टेशनकडेच गेले ना? नीट आठवून सांगा. बाजाराकडे तर नाही ना वळले?"

लांब्या गाडीच्या दांड्याकडे बघत म्हणाला, "स्टेशनकडेच, वहिनी. किती वेळा सांगू?"

"बरं," बाई म्हणाल्या आणि परत मशीनवर बसल्या.

वर्षभर त्या हेच विचारत होत्या. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि शनिवारी रात्री बोटीवर यायचा. मागच्या बाजूची कोपऱ्यातली जागा त्याची ठरलेली. आदल्या वर्षी, ऑक्टोबरच्याच शेवटच्या शनिवारी तो बोटीवर गेला आणि घरी आला नाही. फोन बंद. पोलीस चौकशीला आले तेव्हा लांब्यानं छातीठोक सांगितलं, "उतरले की. मासे मी माझ्या हातानं दिले. स्टेशनकडे जाताना बघितलं."

झालं. गावानं ठरवून टाकलं की घड्याळवाला पळाला. पन्नाशीत पाय फुटले, म्हणे. कापड टाकायला आलेल्या बायका माप देता देता विचारायच्या, "काही भांडण झालं होतं का हो? घरात सुख असलं तर माणूस कशाला जाईल?" आणि बाई त्यांच्या कमरेचं माप वहीत लिहून घ्यायच्या. मी असते तर टेप गळ्याला आवळला असता.

त्या बाईला फक्त एवढंच हवं होतं. आपल्याला नवऱ्यानं टाकलं की नाही, हे कळायला हवं होतं. मेला असता तरी तिला चाललं असतं. हे ऐकायला कठोर वाटेल. ज्या बाईला टाकलंय तिला विचारा.

रात्री आठला बोट सुटली. एकोणतीस माणसं. तिसावी जागा, मागच्या कोपऱ्यातली, रिकामी राहिली. अकरा वाजता धुकं उतरलं. कठड्याला उभ्या माणसाला आपल्याच गळाचं टोक दिसेना. मासा मात्र असा लागत होता की लांब्याला घाम पुसायला सवड नव्हती.

सव्वाबाराला तो इंजिनाच्या खोलीत आला. हातात एक मासा.

"हे बघ."

मामांनी दिव्याखाली धरून बघितला. शेपटीच्या खालच्या टोकाला खाच होती. शेजारी शेजारी, दोन.

"मग? कुणाची खूण ही?"

"कुणाची नाही. दोन खाचा मी यंदा कुणाला दिलेल्याच नाहीत."

"गडबडीत पडली असेल एखादी जास्तीची."

"हा त्या मास्तर गिऱ्हाइकाचा मासा आहे. ह्याचा डावा पर मी कापला होता. आता बघ."

डावा पर शाबूत होता.

मामांनी त्याला वेड्यात काढलं. म्हणाले, "चहा पी आणि जा." लांब्या गेला. मासा त्यानं समुद्रात फेकल्याचा आवाज आला. मग पेटीचं झाकण उघडल्याचा. मग काहीच नाही. बराच वेळ.

मामा वर आले. लांब्या पेटीसमोर गुडघ्यावर बसला होता. बर्फ उकरलेला. साठ-सत्तर मासे. त्यानं एकेक शेपटी उचलून दाखवली.

दोन खाचा.

दोन खाचा.

दोन खाचा.

सगळ्या ताज्या. रक्त अजून थांबलं नव्हतं…

गिऱ्हाइकं गोळा झाली. "अहो, माझा कुठला?" "माझे पाच होते." "ही काय थट्टा?" बोटवाला सुकाणू सोडून आला. जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्यानं दोन मासे उचलून बघितले.

"ही खूण कोणाची?"

लांब्यानं हातातली शेपटी खाली ठेवली.

"खूण कोणाची, विचारतोय."

तेवढ्यात आवाज आला.

कर्र… कर्र…

गळाची दोरी गुंडाळतात ना, तो. सावकाश. दिवसभराचं काम संपवून माणूस घरी जायला आवरतो तसा.

मागच्या कोपऱ्यातून येत होता.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकोणतीस जण. सगळे इथेच, पेटीभोवती.

कर्र…

कुणी मागे गेलं नाही. धुकं होतं. दिसत काही नव्हतं…

आवाज थांबला.

"घड्याळवाल्याची," लांब्या म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता, असं मामा म्हणतात. "खूण घड्याळवाल्याची. ते उतरले नव्हते. मी… मी माणसं मोजलीच नव्हती."

मामांनी घड्याळ बघितलं. एक वाजायला वीस मिनिटं होती.

बोट अडीचला धक्क्याला लागली. मासे कुणी घेतले नाहीत. मामांनी लांब्याच्या दंडाला धरलं आणि सरळ शिवणवाल्या बाईंकडे नेलं. तीन वाजले होते. वरच्या खोलीत दिवा. मामांनी दारावर थाप मारली. आतली कडी काढल्याचा आवाज आला.

बाई जाग्याच होत्या. डोळे कोरडे.

"या. तुम्ही येणार असं वाटलंच," त्या म्हणाल्या. "हे येऊन गेले."

त्यांनी दोघांना वरच्या खोलीत नेलं. लांब्या भिंतीला टेकला.

"मी इथंच शिवत बसले होते. दार वाजलं नाही, कडी लागलेलीच. मान वर केली तर त्या खुर्चीत बसलेले. ओलेचिंब. म्हटलं, अहो, आधी कपडे बदला. तर नुसते बघत राहिले. मी विचारलं, मला टाकून गेला होतात का…" बाई थांबल्या. "पुढे दिसलेच नाहीत. एक वाजायला वीस मिनिटं होती. त्यांनी उत्तर दिलं नाही, भाऊ. आता तुम्ही द्या."

लांब्यानं दिलं. सगळं.

"त्या रात्री वाटप झाल्यावर पेटीत दोन मासे उरले होते, वहिनी. त्यांच्या खुणेचे. कुणी मागितले नाहीत. मला थंडी वाजत होती, घरी जायचं होतं. म्हटलं, विसरले असतील. मासे मी घरी नेले. पेटी रिकामी झाली म्हणजे बोट रिकामी झाली, असं धरलं… दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा कळलं, ते पाण्यातच पडले असणार."

"आणि स्टेशन?"

"ते मी रचलं."

"शेवटचं बघितलं तेव्हा काय करत होते?"

"दोरी गुंडाळत होते. म्हणाले, आज लवकर आवरतो. घरी जागी असेल."

बाई खाली बसल्या. शिव्या नाहीत, रडणं नाही. मामा म्हणतात, त्यापेक्षा तिनं कातरी उगारली असती तर बरं वाटलं असतं.

मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून माझ्या दुकानासमोर उभं राहायचं. जी बाई कापड घेऊन येईल तिला हे सांगायचं. मोठ्यानं. स्टेशनसकट."

लांब्या आठ दिवस उभा राहिला. पोलिसांनाही खरं काय ते सांगितलं. पुन्हा बोटीवर चढला नाही. मामा म्हणतात, त्यानं भोगलं. भोगलं असेल. बाईनं वर्षभर भोगलं त्याचं काय, असं मी विचारलं.

"पण मामा," मावसभाऊ हळूच म्हणाला, "बाईंना भास झाला असेल. वाट बघून बघून."

मामा म्हणाले, "तेच मीही म्हटलं असतं. पण निघताना मी खुर्चीकडे बघितलं."

साधी लाकडी खुर्ची, नवारीच्या पट्ट्यांची. खालची फरशी कोरडी ठक्क. पट्ट्या मात्र पांढऱ्या पडल्या होत्या. बैठक, पाठ आणि हात ठेवायच्या दोन्ही जागा.

बाईंनी खुर्ची गोड्या पाण्यानं धुतली. एकदा नाही, कितीदा. वाळली की पुन्हा पांढरी.

मी गेल्या महिन्यात काहीतरी शिवायचं निमित्त काढून तिथं गेले. बाई आता म्हाताऱ्या झाल्यात. मी वर जाऊ का म्हटलं, तर नुसती मान डोलावली. खुर्ची खिडकीशी आहे, कोणी बसत नाही. मी पट्टीवरून बोट फिरवलं. खरखरीत लागलं. बोट जिभेला लावलं.

खारट होतं. आणि ओलं.