चष्म्यासह पात्र

“ही बस तिरुविडैमरुदूरला जाते ना?”

त्याने तमिळमध्ये विचारले. समोर बस उभी आहे की देवळाचा हत्ती, हेही मला त्या क्षणी खात्रीने सांगता आले नसते. तरी मी पूर्ण अधिकाराने म्हणाले, “जाते.”

हा प्राध्यापकांचा व्यवसायजन्य आजार आहे. ‘ठाऊक नाही’ हे शब्द आमच्या जिभेवर येत नाहीत. बसच्या कपाळपट्टीवर ‘तिरु’ने सुरू होणारे काहीतरी लांबलचक पुसट दिसत होते. आमच्या भागातली अर्धी गावे ‘तिरु’नेच सुरू होतात, हे मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाईने लक्षात ठेवायला हवे होते. पण १९९३ सालच्या ऐप्पसी महिन्यातल्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, त्या दुपारी कुंभकोणमच्या स्टँडवर पाऊस भुरभुरत होता, राहुकाळ लागायच्या आत मला पोहोचायचे होते, आणि माझा चष्मा आईच्या पिशवीत होता.

आईने तो विसरून नेला नव्हता, जप्त केला होता. तिरुविडैमरुदूरच्या देवळात त्या दुपारी, निव्वळ योगायोगाने, एक मुलगा आईवडिलांसह दर्शनाला येणार होता. आणि तितक्याच निव्वळ योगायोगाने मी तेथे प्रदक्षिणा घालत असणार होते. असा योगायोग जुळवायला दोन्हीकडचे नातेवाईक महिनोन्‌महिने राबतात. मुलीला चष्मा आहे, तिचे वाचन मुलाला न पेलणारे आहे आणि तिची पंचविशी उलटली आहे. या दोषांपैकी पहिला तेवढा झाकण्याजोगा. म्हणून मावशीबरोबर सकाळच्या गाडीने पुढे जाताना आई माझे डोळे बरोबर घेऊन गेली. कॉलेजातले काम उरकून मी एकटी निघाले तेव्हा माझ्याजवळ होते ते केसांतले मल्लीचे गजरे आणि एक जाडजूड पुस्तक.

जवळचे मला उत्तम दिसते. खिडकीबाहेरच्या धुरकट हिरव्या जगाकडे पाठ करून मी पुस्तक नाकाशी धरले, आणि एका राजघराण्याच्या अधःपतनात इतकी रमले की बस पूर्वेला निघाली की पश्चिमेला, याची चौकशी करावीशी वाटली नाही. कंडक्टर “तिरुवलंचुळी! तिरुवलंचुळी!” असे ओरडला, तेव्हाच मान वर केली.

“अरे देवा! हें आपण कोठें येऊन पडलों!”

हे शब्द मागच्या बाकावरून आले, आणि मराठीत आले. तेही तंजावरी मराठीत— जी आमच्या घराघरांत तीनशे वर्षे लोणच्यासारखी मुरत पडली आहे आणि जी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंडावर पदर धरतात. मी उतरता उतरता वळले. स्टँडवर प्रश्न विचारणारा तोच होता.

“तुम्ही आपल्यांतले?”

“हो. आडुतुरैचे. नरसिंह.” मग कपाळाला आठ्या घालून, “पण तुम्ही तर ‘जाते’ म्हणालां!”

“बोर्ड तुम्हांस वाचतां येत नव्हता?”

“तुम्हांस येत होता?”

पावसाचे बारीक थेंब त्याच्या भुवयांवर अडकले होते. डोळे बारीक करून तो माझ्याकडे पाहत होता... आणि ते डोळे बारीक करणे मी ओळखले. आरशात रोज सकाळी पाहते मी ते.

“तुमची कण्णाडी कोठें आहे?” मी विचारले.

“घरी. पेटींत.” त्याचे कान लाल झाले. “आणि तुमची?”

“आईच्या पिशवींत.”

मग मी हसले. गेल्या कित्येक महिन्यांत मी असे हसले नव्हते. मला रागवायची सवय होती, आणि राग मला शोभतो असा माझा समज होता. तोही हसू लागला. परतीच्या बसला वेळ होता. समोरच्या टपरीवर आम्ही कॉफी घेतली. डवऱ्याच्या वाटीत पेला उपडा करावा तशी एकमेकांपुढे आपापली कहाणी उपडी केली.

त्याला वैमानिक व्हायचे होते. नव्या खासगी विमान कंपन्या निघाल्या होत्या. मद्रासच्या वर्तमानपत्रांत पांढऱ्या सदऱ्यांतल्या हसऱ्या तरुणांच्या जाहिराती येत होत्या. त्याच्या वडिलांनी आडुतुरैची शेतजमीन विकून पैसे फ्लाइंग क्लबात घालायचे कबूल केले होते. फिजिक्सची पदवी होती, वय होते, धाडस होते. फक्त चष्मा होता.

“माझ्या सेतुमामांना वायुदलाने चष्म्यापायीच परत पाठविलें,” तो म्हणाला. “म्हणून मी महिनाभर कण्णाडी लावलेलीच नाही. आई रोज पोन्नांगण्णीची भाजी करते. डोळ्यांस चांगली.”

“आणि?”

“आणि... चष्मेवाल्याच्या दुकानांतला अक्षरांचा तक्ता पाठ केला आहे. वरून खाली, खालून वर.”

“तपासणी कोठें?”

“बेंगळूरला.”

“तेथला तक्ता निराळा असला तर?”

त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला. “तें मनांत आलेंच नव्हतें,” तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

समोर श्वेत विनायकाचे देऊळ होते. समुद्राच्या फेसाची मूर्ती, असे सांगतात; तिला पाण्याचा अभिषेक नाही, नुसती कापराची पूड वाहतात. आम्ही दोघे उंबऱ्यापाशी उभे राहिलो. मला आत एक शुभ्र धुके दिसले.

“तुम्हांस काय दिसतें?” त्याने हळूच विचारले.

“पांढरें काहीतरी.”

“मजलाही तेवढेंच.”

देवासमोर दोन माणसांनी इतके खरे बोलणे क्वचितच घडत असेल. पण मी विवेचक बाई; मी या क्षणाची तिथेच वासलात लावली आणि बसमध्ये चढले.

तिरुविडैमरुदूरचा मुलगा तासभर देवळात ताटकळून परत गेला. आई माझ्याशी बोलायची थांबली. हा उपकार मी त्या बसच्या ड्रायव्हरचा मानावा की माझ्या दृष्टिदोषाचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दोघांचाही मानते.

शनिवारी मी कुंभकोणमच्या जुन्या वाचनालयात असते, हे कॉफीवर बोलून गेले होते; पुढल्या शनिवारी नरसिंह तेथे हजर झाला. निमित्त असे की वैमानिकाला रेडिओवर इंग्रजी बोलावे लागते, आणि त्याच्या इंग्रजीला कोणीतरी नीट वळण लावायला हवे.

“मी इतिहास शिकवते.”

“म्हणूनच. तुम्ही चूक विसरत नाहीं.”

शनिवार जात राहिले. खांबामागच्या मेजावर मी नियंत्रण कक्ष होत असे आणि तो विमान. मी सूचना द्यायची; त्याने ती शब्दशः परत म्हणायची. त्यात नियम असा होता की कळले नसेल तर ‘कळले नाही’ म्हणायचे. रुकार द्यायचा नाही, मान डोलवायची तर नाहीच. आमच्याकडे प्रत्येक प्रश्नाला मान डोलते, आणि ते डोलणे होकार आहे की सौजन्य, हे डोलवणाऱ्यालाही माहीत नसते.

“मान डोलवूं नका. रेडिओवर दिसत नाहीं.”

“तुम्हांस तर दिसते.”

“मी येथें नाहीं. मी जमिनीवर आहें, तुम्ही ढगांत.”

“तें बाकी खरें,” तो म्हणाला, आणि मला शाईच्या बाटलीत काहीतरी शोधावे लागले.

एकदा असाच सहज बोलून गेला— “बस चुकली हें मज वाटेंत दारासुरमलाच कळलें होतें. तें ‘अरे देवा’ नंतरचें सोंग.”

“मग सांगितलें कां नाहीं?”

“तुम्ही वाचत होतां. वाचतांना तुमच्या कपाळावर एक आठी पडते. ती मोडावीशी वाटली नाहीं...”

त्या संध्याकाळी मी एकही पान उलटले नाही.

पण तपासणी जवळ येत होती, आणि माझा राग— थंड, नीटनेटका, तळटिपांसह— परतला. मी म्हणाले, “उद्यां तुमच्या पाठीशी शंभर माणसें बसतील. त्यांनाही पाठ केलेला तक्ता म्हणून दाखवणार?”

“कण्णाडी लावून गेलों तर दारांतूनच परत पाठवतील. मामांसारखें!”

“आणि खोटें पकडलें तर? मग जन्मभर कोणीही दारांत उभें करणार नाहीं.”

तो उठला. रागाने नव्हे, दुखावून. “तुम्ही मज उपदेश करतां. आणि देवळांत प्रदक्षिणा घालतांना तुमची कण्णाडी आईच्या पिशवींत असते. त्या मुलालाही जन्मभर तुमच्या पाठीशीं बसायचें होतें ना?”

आरोप खरा होता. इतकी वर्षे मी त्या प्रथेवर संतापत आले, आणि प्रत्येक वेळी हात पुढे करून चष्मा काढून दिला. दरम्यान त्या संतापाचा पीळ तेवढा अभिमानाने मिरवला.

“बसा,” मी म्हणाले. “यापुढें मी ती कोणासाठींही काढणार नाहीं. आतां तुम्ही बोला.”

तो पुन्हा मेजाशी बसला. मग म्हणाला, “आधी कोणा जाणत्याला विचारूं या.”

डॉक्टर स्वामीनाथ निवृत्त होऊन कुंभकोणमला येण्यापूर्वी बेंगळूरला वैमानिकांचेच डोळे तपासत असत. त्यांनी नरसिंहाला काचांवर काचा लावून पाहिले, ठिपक्यांच्या चित्रांतले रंगीत आकडे वाचायला लावले, आणि मग पोन्नांगण्णीची हकीकत ऐकून पोट धरून हसले.

“तंबी, लहान भावा, भाजी उत्तम आहे. पचन चांगले होते,” ते तमिळमध्ये म्हणाले. “पण वायुदल निराळे आणि प्रवासी विमाने निराळी, हे तुला कोणी सांगितलेच नाही? काचेने पूर्ण दिसत असेल, आणि नंबर मर्यादेत असेल, तर प्रवासी विमानांत चष्मा चालतो. तुझा तर अगदी हलका आहे. रंगही बरोबर ओळखतोस. तिथे गडबड असती तर कठीण होते. दुसरा चष्मा मात्र खिशात बाळगावा लागतो.”

मग नरसिंहाने वडिलांच्या जमिनीचा बेतही सांगून टाकला.

“आणि जमीन विकली का?”

“अजून नाही.”

“विकू नको. ज्याला त्याला मी हेच सांगून थकलो. आधी तपासणी, मग फी. लोक उलटे करतात. आधी शेत जाते, मग कळते की कान अधू आहे. लहानपणी काय झाले होते, कोणते औषध चालू आहे, सगळे सांगून टाक. लपवलेले बरोबर वर येते. आणि आणखी एक. लायसन म्हणजे नोकरी नव्हे. लायसन हातात घेऊन वर्षानुवर्षे वाट पाहणारी मुले मी पाहिली आहेत. हे कोणत्या जाहिरातीत वाचलेस?”

जाहिरातींविषयी डॉक्टरांना होता तो राग माझ्या रागाहून जुना आणि अधिक उपयोगाचा होता. मी मनोमन त्यांच्या पाया पडले. रस्त्यावर आल्यावर नरसिंह म्हणाला, “मामा इतकी वर्षें चुकीच्या दारावरून परतल्याचें दुःख करीत बसले...”

बेंगळूरला तो चष्मा लावून जाईल की अखेरच्या क्षणी भीती त्याचा हात धरील, हे मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांचा शब्द एका बाजूला, आणि लहानपणापासून ऐकलेली मामांची कहाणी दुसऱ्या बाजूला. गाडी सुटताना त्याने आश्वासन दिले नाही. मीही मागितले नाही. त्या आठवड्यात मी वर्गात एका राजाचा मृत्यू दोनदा शिकवला. मुलींनी तो दोन्ही वेळा उतरून घेतला.

शुभकार्यांना वर्ज्य असलेला मार्गळी महिना लागण्यापूर्वीच्या एका सकाळी तो आमच्या दारी आला, आपल्या आईला, नागलक्ष्मीबाईंना, बरोबर घेऊन. त्याच्या नाकावर चष्मा होता. माझ्याही. उंबऱ्यावर आम्ही एकमेकांना प्रथमच स्पष्ट पाहिले. त्याच्या हनुवटीवर एक बारीक व्रण आहे, हे मला तेव्हा कळले.

“काय झालें?” माझे अप्पा त्याला ओळखत नव्हते, तरी त्यांनी विचारले, माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी झाले आहे हे दिसत असावे.

“चष्म्यासह पात्र,” तो म्हणाला. “तेथें तक्ता निराळाच होता.”

मी भिंतीला हात टेकला.

मग तो अप्पांसमोर चटईवर बसला आणि त्याने आपली सगळी वजाबाकी मांडली. शिकायला दीड-दोन वर्षे लागतील. लायसन मिळेल; नोकरी मिळेलच असे नाही. मिळाली तर कोठे, ते सांगता येत नाही. तो माझ्याहून सव्वा वर्षाने लहान आहे, आणि हे आधीच सांगितलेले बरे.

“स्थळ सांगायला आलेला मनुष्य असें बोलत नाहीं,” आई आतून म्हणाली.

“माझ्याच पोटचा आहे, तरी मीही वाटेंत हेंच सांगत होतें,” नागलक्ष्मीबाई उसासून म्हणाल्या.

अप्पा हसू दाबत म्हणाले, “मुलीकडून आम्ही काय सांगावें?”

“तुम्ही नव्हे.” तो माझ्याकडे वळला. “गोमती, तुम्ही सांगा. दोन वर्षें मी क्वचित येईन. तुम्ही कॉलेज सोडावें असें मज वाटत नाहीं, कधींच. थांबाल?... नको असेल तर नको म्हणा. मज वाईट वाटेल. पण खरें कळेल.”

माझ्यासंबंधी या घरात कितीतरी बैठका झाल्या होत्या. माझे शिक्षण, रंग, पत्रिका, केसांची लांबी, सगळ्यांवर मते घेण्यात आली होती. त्या सभांत एकदाही कोणी मला मत विचारले नव्हते. या विषयावर माझ्या डोक्यात पुष्कळ कठोर वाक्ये तयार होती, काही फारच सुरेख. त्यांतले एकही आठवले नाही. मला फक्त कृतज्ञ वाटले. इतके, की कोणत्याही विद्वत्तेला न शोभणारा एक हुंदका निसटला.

“गोमती?” अप्पा घाबरले.

“थांबेन,” मी म्हणाले. मग भिंतीवरचा हात काढून, त्याच्यापर्यंत नीट पोहोचेल इतक्या मोठ्याने, पुन्हा म्हणाले, “थांबेन, नरसिंह.”

आईने आतून विचारले, निश्चयाचा नारळ आणायला कोणाला पाठवू? अप्पा स्वतःच चपला शोधू लागले.