पायाकडचे हात

बसूला कुशीवर वळवायला तीन माणसं लागत. खांद्याला त्याचे वडील मल्लप्पा, कमरेला बायको सिद्धेश्वरी आणि पायाकडं आई, गंगम्मा. इस्पितळातल्या नर्सनं बजावलं होतं, ओंडका लोटावा तसं सगळं अंग एकदम वळलं पाहिजे, कंबर जरासुद्धा पिळवटता कामा नये. मल्लप्पा ‘हं’ म्हणत, की तिघांचे हात एकदम चालत.

बसू वायरमन. बाळीवेशीतल्या आपल्याच घराच्या पत्र्यावर टाकीचं काम करताना त्याचा पाय घसरला आणि तो अंगणातल्या फरशीवर पाठीवर आपटला. डॉक्टरांनी त्याला त्याच्या धंद्याच्या भाषेत समजावलं. “मणका फुटलाय. म्हणजे पाइप फुटलाय आणि आतली वायर चेपलीय. तुटलेली नाही. पाइप सांधेपर्यंत सपाट पडून राहायचं. उठून बसलास, तर वायर गेली म्हणून समज.” मग त्यांनी सहज विचारलं, “पडल्यावर याला बसवलं कुणी?”

गंगम्मा दाराशी उभी होती. तिनंच धावत येऊन त्याला बगलेत धरून बसवलं होतं, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता. माया दाटून आली की तिच्या तोंडी कानडीच येई. “एळु मगा, नीरु कुडी.” ऊठ बाळा, पाणी पी. त्या क्षणी पाठीत काहीतरी सरकलं, हे बसूला कळलं होतं. त्यानंतर त्याला पाय कळले नाहीत.

तुझी काय चूक, अव्वा, एवढं आईला म्हणायला त्याचं काय जात होतं? पण राग होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर ती मुकाट्यानं त्याचे पाय धरी. अन्नावरची तिची वासनाच उडाली, आणि एका सकाळी ती उठली नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून नेलं, बसवूनच माती दिली. बसू खाटेवर आडवा. आई बसल्या बसल्या दारावरून गेली आणि त्याला धड हुंदकाही देता येईना, पाठीत कळ जाई. बोलायचं ते राहूनच गेलं.

पुढं वळवायला दोघंच उरले. पाय मागं राहत, बसू कळवळे. मग एक दिवस पाय अंगाबरोबर अलगद आले.

“आज हलका लागला की,” मल्लप्पा म्हणाले.

“मामा, पाय तुमीच धरला न्हवं?” सिद्धेश्वरीनं सासऱ्याला विचारलं.

“मी हितं खांद्याला हाय की.”

सिद्धेश्वरीचे दोन्ही हात कमरेलाच होते. बसूच्या घोट्यावर मात्र एक तळवा टेकलेला होता. खरखरीत, गार. जीव परत येतोय, वायरीत करंट आलाय, असं वाटून तो हरखला. सिद्धेश्वरीनं टाचणी टोचून पाहिली. काही कळलं नाही. दुसऱ्या पायालाही नाही. त्या तळव्याखेरीज पायांना काहीच कळत नव्हतं.

तो कुणाचा, हे त्यानं ओळखलं. भीतीच्या आधी त्याला लाज वाटली.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. सिद्धेश्वरी औषधं आणायला गेली होती, मल्लप्पा देवळात. उन्हानं पत्रा तडतडत होता. वळवायची वेळ नव्हती, तरी तळवा आला.

बसूला राहवलं नाही. “अव्वा, तुजी चूक न्हवती. तू केलीस ते बरूबरच केलीस.”

घोट्यावरची पकड सुटली.

त्याला मोकळं वाटलं. डोळ्यांतलं पाणी कानांत ओघळलं. सुटली बिचारी, असं त्याच्या मनात आलं.

स्वयंपाकघरात माठावरचं झाकण सरकलं.

“सिद्धे?”

ओ आली नाही.

मानेखाली एक गार हात शिरला. दुसरा बगलेत.

“एळु मगा,” कानाशी आवाज आला. किती दिवसांनी आनंदलेला.

बसूची पाठ खाटेवरून हळूच सुटली.