रथाच्या दिवशीची कॅसेट

"पोतं उलटं करू नकोस, महेश," असं निकिता म्हणेपर्यंत सगळ्या कॅसेटी देवळाच्या ओसरीवर पसरल्या होत्या.

"देऊळ रंगवताना रंगाऱ्यांनी आधीच सगळ्याचा काला केलाय. मी काय निराळं केलं?"

सुट्टी लागल्यापासून निकिता, महेश आणि त्याची बहीण ललिता पंचवटीतल्या या छोट्या देवळात पडीक असत. आज मात्र काम होतं. सिन्नरहून कलाबाई आल्या होत्या. त्यांचे यजमान सावळीराम इथे कीर्तनाला मृदंगाची साथ करायचे. गेल्या वर्षी रथाच्या दिवशी, चैत्र शुद्ध एकादशीला, ते शेवटचे वाजवून गेले आणि महिन्याभरात वारले. तो मृदंग कलाबाईंना एकदा ऐकायचा होता. तीन वाजले होते आणि पाचची एसटी होती.

"शके १९२०ची चैत्र शुद्ध यात नाही," देवळाची व्यवस्था बघणारे जयरामकाका म्हणाले. "रथाच्या गडबडीत रेकॉर्डिंग राहिलं असेल."

"नाय हो," कलाबाई हळूच म्हणाल्या. "मी समोर बसले व्हते. मशीन चालू व्हतं."

दर एकादशीच्या कीर्तनाची एक कॅसेट. वर्षाच्या चोवीस, १९१९ आणि १९२० या दोन वर्षांच्या अठ्ठेचाळीस. निकिताने मोजल्या.

"काका, एक नसेल तर सत्तेचाळीस हव्यात. या पुऱ्या अठ्ठेचाळीस आहेत."

"म्हणजे एकीवर चुकीची तिथी लिहिलीय," महेश म्हणाला. "ती तिथी दोनदा सापडेल. पण या पसाऱ्यात?"

"क्रमाने लावू, जोडी आपोआप शेजारी येईल," निकिता म्हणाली. "माझ्या ताईच्या कॉम्प्युटर क्लासमधली रीत आहे. ढीग अर्धा करायचा, पुन्हा अर्धा, एकेक कॅसेट उरेपर्यंत. एकटी कॅसेट क्रमाने लावलेलीच असते."

"काही न करता लागली? हा अभ्यास मला जमेल."

"पुढचं ऐक. मग दोन छोट्या रांगा शेजारी ठेवायच्या आणि फक्त तोंडाशी असलेल्या दोन कॅसेटी बघायच्या. आधीची असेल ती उचलायची. मागच्या क्रमाने आहेतच."

"प्रार्थनेला उंचीप्रमाणे दोन रांगांची एक करतात तसं," ललिता म्हणाली.

चोवीस निकिताने घेतल्या, चोवीस महेशने.

"ललिता, पौष आधी की मार्गशीर्ष?"

"मार्गशीर्ष. शाळेत झोपायला जातोस का, दादा?"

तिनाच्या रांगांच्या सहाच्या झाल्या, सहाच्या बाराच्या, बाराच्या चोवीसच्या. सव्वाचारला दोनच रांगा उरल्या. मध्ये ललिता बसली.

"१९१९, चैत्र शुद्ध," तिने पहिली वाचली. दुसरी हातात घेऊन पुन्हा पहिलीकडे पाहिलं.

"वाच की गं," महेश म्हणाला.

"१९१९, चैत्र शुद्ध. आता यातली आधीची कुठली?"

निकिताने काकांकडे पाहिलं. "काका, लेबलं कोण लिहितं?"

"मीच." काकांनी चष्मा काढला. पाडवा होऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. "हात जुनाच शक लिहून गेला म्हणायचा."

"मी पण जानेवारीभर जुनंच साल लिहिते," ललिता म्हणाली. "बाई रोज खोडतात."

पहिली कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावली. कलाबाईंनी थोडं ऐकून मान हलवली. "ही त्याच्या आदल्या सालची. तवा हातात लय जोर व्हता."

दुसरी लावली. मृदंग हळू होता. गजर रंगात असताना एका जागी थाप थांबली. बुवाही थांबले, टाळही. मग पुन्हा थाप पडली आणि सगळे तिच्यामागून निघाले.

"हीच," कलाबाई म्हणाल्या. "दम लागला व्हता त्यांना. बुवा थांबले त्यांच्यासाठी."

पाच वाजून गेले, पण कोणी उठलं नाही. कॅसेट संपल्यावर काका म्हणाले, "सिन्नरला सहाची गाडी आहे. मी बसवून देतो. आज या पोरांनी माझी चूक पकडून मलाच कीर्तन ऐकवलं." त्यांनी पेन ललिताच्या हाती दिलं.

तिने जुना शक खोडून १९२० लिहिलं, उरलेल्या दोन रांगांची एक केली आणि कॅसेट तीत पंचविसाव्या जागी, १९१९च्या चोवीस कॅसेटींनंतर, ठेवली.